युरो २०२८ की वर्ल्ड कप २०३०: फॅमिली घेऊन फुटबॉल बघायला जायचं तर पथारी कुठं टाकायची

साताऱ्याच्या आतेभावाचा फोन आला, नेहमीसारखा रात्री साडेदहाला, पोरं झोपल्यावर. म्हणला, दादा, तुम्ही कतारला जाऊन आलाय, आता मला सांगा, युरो (युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा) करू का वर्ल्ड कप करू. मी म्हणलं करू म्हणजे काय, तू काय गोल मारणारेस का. तर म्हणला तसं नाही, एकदाच जमणारंय आयुष्यात, पाच माणसं आहेत, आईला, म्हणजे माझ्या आत्तीला, पण न्यायचंय, चुकायला नको. त्याला फोनवर तासभर सांगितलं, मग परत व्हॉट्सॲपवर तुकड्या तुकड्यात सांगितलं, तेव्हा म्हणलं हे एकदा नीट लिहूनच टाकावं, कारण हाच प्रश्न विचारणारे सांगली मिरज साताऱ्यात अजून बरेच निघतील. कोल्हापूर शेजारी असल्यावर फुटबॉलचं वेड कुणाला लागत नाही, वर्ल्ड कप आला की तिथं चौकाचौकात मेस्सी नेमारचे कटआऊट लागतात आणि आमच्याकडची पोरं मोटरसायकलवर तेवढंच बघायला जातात.

आधी आमचं सांगतो, म्हणजे मी कुठनं बोलतोय ते कळेल. राहायला सांगलीत विश्रामबागला, द्राक्षबाग तासगावकडं गावी. २०१७ ला १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला तेव्हा नवी मुंबईला जाऊन एक मॅच बघितलेली, कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या वर्षी भारताच्या टीमात होता त्यामुळं इकडं सगळ्यांनाच खूळ लागलेलं. मग २०२२ ला कतार, मी, बायको, पोरगं अकरा वर्षांचं आणि पोरगी सात. आणि मधे एकदा मेव्हणीकडं बर्मिंगहॅमला जाऊन आलो, त्यामुळं यूकेचा व्हिसा आणि तिथल्या रेल्वे या दोन्ही गोष्टींचे चटके बसलेले आहेत. स्पेनला गेलेलो नाही, त्याचा अभ्यास केलाय फक्त, कारण मला स्वतःला २०३० ला जायचंय.

२०२६ चा अमेरिका कॅनडा मेक्सिकोचा वर्ल्ड कप मी या तुलनेत धरलेलाच नाही. तीन देश, सोळा शहरं, एका मॅचपासून दुसऱ्या मॅचला जायला विमानच, तिकिटाचे भाव मागणीप्रमाणं वर जाणारे, आणि अमेरिकेचा व्हिसा इंटरव्ह्यू. भावाचं ते इंटरव्ह्यूच्या तारखेवरच बारगळलं. तर उरले दोन. युरो २०२८, ९ जून ते ९ जुलै, इंग्लंड स्कॉटलंड वेल्स आणि आयर्लंडमधे. आणि वर्ल्ड कप २०३०, स्पेन पोर्तुगाल मोरोक्को, जून जुलैतच.

आता माझं एकच म्हणणं आहे आणि पुढचं सगळं त्याच्याभोवतीच आहे. बायकापोरं म्हातारं माणूस घेऊन जाताना स्पर्धा कुठली, टीम कुठली हे नंतर. आधी बघायचं की पथारी एका जागी राहते का. म्हणजे जाताना एका खोलीत बॅगा टाकल्या की परत यायच्या दिवशीच उचलायच्या. हे जमत असेल तर कुठलीपण स्पर्धा सोपी, हे जमत नसेल तर फायनलचं तिकीट फुकट मिळालं तरी माणसं एकमेकांवर ओरडत घरी येतात.

हे शिकलो कतारमधे. तिथं आठ स्टेडियम आणि सगळी दोहाच्या आसपास. आम्ही मेव्हण्याच्या फ्लॅटवर राहिलो, त्यानं हय्याच्या पोर्टलवर आम्हाला पाहुणे म्हणून नोंदवलेलं, हय्या कार्ड म्हणजेच व्हिसा, आणि तेच दाखवून मेट्रो फुकट. २८ नोव्हेंबरला आम्ही एका दिवसात दोन मॅच बघितल्या. दुपारी एकला अल जनूबला कॅमेरून सर्बिया, रेड लाईननं अल वकरा आणि तिथनं बस. ती मॅच ३-३ झाली, सर्बिया ३-१ नं पुढं होतं आणि लोक उठायला लागलेले, तेवढ्यात कॅमेरूनच्या अबुबकरनं गोलकीपरच्या डोक्यावरनं चेंडू असा अलगद उचलून टाकला की आख्खं स्टेडियम क्षणभर गप्प, मग लाईन्समननं झेंडा वर केला, मग व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या पंचांनी, गोल दिला, पोरगं आमचं तोवर सीटवर उभं. संध्याकाळी सातला ब्राझील स्वित्झर्लंड, कंटेनरचं ते ९७४ स्टेडियम. मशेरेबला गोल्ड लाईन पकडली, शेवटच्या स्टेशनला उतरलो, चालत आत. मधे फ्लॅटवर जाऊन पोरगी तासभर झोपून पण आली. त्या मॅचला हाफ टायमच्या आधी स्टेडियमचे लाईट गेले, दोनचार सेकंदच, पण बायको लगेच म्हणली, बघा, इथं पण लोडशेडिंग. नेमार त्या दिवशी घोट्याच्या दुखापतीनं बाहेर, पोराच्या अंगात नेमारचीच जर्सी, ८३ व्या मिनिटाला कॅसेमिरोनं गोल मारला तेव्हा कुठं त्याचं तोंड सुटलं.

तिसरी मॅच दुसऱ्या दिवशी, कतार विरुद्ध नेदरलँड्स, तंबूच्या आकाराचं अल बायत, आणि तिथं मात्र मेट्रो जात नाही. लुसैलपर्यंत मेट्रो, पुढं बस, येताना परत तेच, रात्री उशीर, पोरगी खांद्यावर, आणि माझ्या फोनला चार टक्के बॅटरी. चौघांची तिकिटं, हय्या, सगळं माझ्याच फोनवर, कागद कुठला नाहीच. त्या एका रात्री जेवढी चिडचिड झाली तेवढी बाकी आठ दिवसात झाली नाही, आणि तो प्रवास होता तरी किती, एका बाजूला जेमतेम तास दीड तास. एवढ्यावरनं विचार करा, रोज शहर बदलायचं असतं तर काय झालं असतं. (मेट्रोच्या वाटेवर उंच खुर्चीत बसून फोमचा हात हलवत मेट्रो, धिस वे करणारे पोरं होते, आमची पोरगी परत आल्यावर मिरज जंक्शनला प्लॅटफॉर्मवर तेच ओरडत होती, हमालसुद्धा हसले.)

तेव्हा आता पथारीच्या हिशोबानं दोन्ही बघू.

युरो २०२८ ला नऊ स्टेडियम. लंडनला दोन, वेंबली आणि टॉटनहॅमचं, बाकी मँचेस्टर, लिव्हरपूलला एव्हर्टन क्लबचं नवं, बर्मिंगहॅमचं व्हिला पार्क, न्यूकॅसल, कार्डिफ, ग्लासगो आणि डब्लिन. पहिली मॅच कार्डिफला, सेमीफायनल आणि फायनल वेंबलीला. नकाशा उघडून बघा, बर्मिंगहॅम बरोब्बर मधे आहे. तिथनं लंडन रेल्वेनं दीड तासाच्या आत, मँचेस्टर दीड तास, लिव्हरपूल पावणेदोन, कार्डिफ दोन तास, आणि व्हिला पार्क तर गावातच. म्हणजे बर्मिंगहॅमला एक घर भाड्यानं घेतलं तर नवातली सहा स्टेडियम सकाळी जाऊन रात्री परत अशी होतात. लंडनपेक्षा खोल्या स्वस्त, आणि आपलं सामान, पीठ, डाळी, मिरच्या, कोथिंबीर सगळं मिळतं. आत्तीला दोन वेळा भाकरी लागते, हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, आठवडाभर सँडविच खाऊन म्हातारं माणूस आजारी पडतं.

पण तिथली रेल्वे म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेस नव्हे, की सांगलीत चढलं आणि सकाळी मुंबई, तिकीट केव्हापण काढा भाव तोच. तिकडं बारा आठवडे आधी काढलं तर परवडतं, त्याच दिवशी खिडकीवर काढलं तर आमच्यासारख्याला घाम फुटतो, मी एकदा काढलंय, बायकोला किंमत अजून सांगितलेली नाही. फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड म्हणून एक प्रकार आहे, मोठ्यांना एक तृतीयांश आणि पोरांना साठ टक्के सूट, परदेशी माणसालासुद्धा मिळतं, ते पहिल्या दिवशीच घ्या. दुसरं म्हणजे रात्री आठची मॅच संपायला दहा वाजतात, बाहेर पडायला अर्धा तास, आणि शेवटची गाडी अकराच्या आसपास असते किंवा नसते. त्यामुळं रात्रीची मॅच व्हिला पार्कची घ्या आणि बाहेरगावची दुपारची नाहीतर संध्याकाळची घ्या. जूनमधे तिथं नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, पण गाडीला त्याचं काही नसतं.

आता वर्ल्ड कप २०३०. इथं पहिल्यांदा गोंधळ काढून टाकू. पहिला वर्ल्ड कप १९३० ला उरुग्वेत झालेला, शंभर वर्षं म्हणून पहिल्या तीन मॅच तिकडं, एक मॉन्टेव्हिडिओ, एक ब्यूनॉस आयर्स, एक पॅराग्वेत असुन्सिओनला. त्या विसरून जा, तिकडं आपण जात नाही. बाकी सगळं स्पेन पोर्तुगाल मोरोक्को. कागदावर ऐकायला भारी वाटतं, तारिफाहून टँजियरला बोटीनं तासाभरात युरोपातून आफ्रिकेत, पुढं टँजियर ते कॅसाब्लांका ताशी ३२० किलोमीटरची रेल्वे दोन तास दहा मिनिटात. एकट्या पोरांचा ग्रुप असता तर मी म्हणलं असतं जावाच. पण आत्ती, दोन पोरं आणि बॅगा घेऊन बोट, बंदर, दोन देशांचं इमिग्रेशन, परत तेच उलटं... मला नाही वाटत.

पण गंमत अशी आहे की मोरोक्को आणि पोर्तुगाल सोडून दिलं आणि नुसतं माद्रिद धरलं, तर स्पेनचा नकाशा बर्मिंगहॅमपेक्षा पण चांगला बसतो. माद्रिद मधोमध, बार्सिलोना सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास असून जलद रेल्वेनं अडीच तास, सेव्हिल अडीच तास. लिस्बनला मात्र माद्रिदहून सरळ जलद गाडी नाही, लोक विमानानंच जातात, त्यामुळं पोर्तुगालच्या टीमसाठी वेडं झालेलं पोरगं घरात असेल तर आधी त्याच्याशी बोलून घ्या. म्हणजे पथारीच्या हिशोबात दोन्ही पास होतात, फक्त वर्ल्ड कपला तुम्हाला मोह आवरावा लागतो, युरोला नकाशाच आवरून देतो.

मग फरक कुठं पडतो, तर ऊन. जून जुलैत सेव्हिल कॉर्डोबा भागात चाळीसच्या वर पारा जातो. आता तुम्ही म्हणाल आम्ही काय ऊन बघितलं नाही का, मे महिन्यात जतला जाऊन दाखवा. बरोबर आहे, पण आपण उन्हात बारा ते चार घरात असतो ना, तिथं मॅचला जायचं म्हणजे त्याच वेळेला रांगेत उभं राहायचं. कतारला हा प्रश्न आला नाही कारण तिथं मुद्दाम नोव्हेंबर डिसेंबरला ठेवलेलं आणि स्टेडियममधे गार हवा सोडलेली, इतकी की पोरीला स्वेटर घालावा लागला. इंग्लंडला उलट, जूनमधे पण सकाळी आपल्या महाबळेश्वरासारखं आणि पाऊस कधीपण, आत्तीला कानटोपी न्यावी लागेल पण चक्कर येणार नाही.

आता सगळ्यात किचकट विषय, व्हिसा. इथं जरा बसून वाचा.

यूकेचा साधा सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा माणशी सव्वाशे पौंडाच्या पुढं, लहान पोराला पण तेवढाच, म्हणजे पाच जणांचे पाऊण लाखाच्या आसपास गेले, मिळो न मिळो. शेंगेनचा, म्हणजे स्पेन पोर्तुगाल धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो त्या व्हिसाचा, ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या पोराला ४५, त्याच्या खाली फुकट, भावाच्या घरात एक पोर मोठं आणि एक आठ नऊचं धरलं तर ४०५ युरो, चाळीस हजाराच्या थोडं वर, आणि वर सेंटरवाल्यांची फी. शेंगेनला ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स सक्तीचा, यूकेला सक्ती नाही पण आत्ती बरोबर असताना काढाच. शेंगेनला सहा महिने आधी अर्ज टाकता येतो, यूकेला तीन महिने आधीच, म्हणजे युरोला तुमच्या हातात मॅचची तिकिटं आधी आणि व्हिसा नंतर अशी परिस्थिती येणार, पोटात गोळा धरूनच ठेवा.

डब्लिनची मॅच लागली तर आयर्लंड वेगळा देश आहे हे लक्षात घ्या, पण भारतीयांसाठी एक सोय आहे, यूकेच्या व्हिसावर बीआयव्हीएस असं लिहून आलं असेल तर त्याच व्हिसावर आयर्लंड चालतं, फक्त आधी यूकेत उतरायचं. स्पेनला असं नाही. मोरोक्को शेंगेनमधे नाही, त्याचा व्हिसा वेगळा, आणि स्पेनहून मोरोक्कोला जाऊन परत स्पेनला यायचं असेल तर शेंगेन मल्टिपल एंट्रीच पाहिजे. सिंगल एंट्री हातात आला आणि तुम्ही बोटीत बसलात तर परतीचं विमान माद्रिदचं आणि तुम्ही टँजियरला, असला प्रकार होतो.

आणि शेतकरी असाल तर हे खास तुमच्यासाठी. माझा यूकेचा व्हिसा पहिल्यांदा नाकारलेला आणि चूक माझीच होती. बेदाण्याचे पैसे एकदम आले, ते खात्यात टाकले आणि पंधरा दिवसात अर्ज केला. बघणाऱ्याला काय दिसतं, वर्षभर खात्यात बारीक सारीक आणि एकदम ढीगभर रक्कम, त्याला वाटणार उसनी आणून दाखवलीय. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळं इन्कम टॅक्स रिटर्नमधे पण फारसं दिसत नाही. दुसऱ्या खेपेला सातबारा, सौद्याच्या पट्ट्या (माल विकल्याच्या पावत्या), आधीच्या दोन वर्षांच्या पण, सगळ्याचं इंग्रजी भाषांतर करून, आणि एक पत्र, की आमच्याकडं बाग फेब्रुवारी मार्चला निघते आणि पैसा वर्षातनं एकदाच येतो, परत ऑक्टोबरला छाटणीला मी शेतात लागतो. मिळाला. ते पत्र लिहायला मला दोन दिवस लागले पण तेवढ्यानंच काम झालं असं माझं मत आहे. जूनमधे जायचं असेल तर मार्च एप्रिलला पैसा येतो आणि तेव्हाच अर्ज, म्हणजे पट्ट्या जपून ठेवा, आत्तापासनं.

भावाचं वेगळं, तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. पगार स्लिप आहे म्हणजे बँकेचं सोपं, पण परदेशी जायला खात्याची परवानगी आणि ना हरकत लागते, ती फाईल किती टेबलं फिरते ते त्यालाच माहिती. आणि इथं एक गोष्ट त्याच्या लक्षातच आली नव्हती. शाळा साधारण १५ जूनला उघडतात. युरो ९ जूनला सुरू होतो. म्हणजे पहिला आठवडा त्याच्या उन्हाळी सुट्टीत बसतो, रजा टाकायला नको, पोरांची शाळा बुडायला नको. ७ ला निघायचं, ८ ला बर्मिंगहॅम, ९ ते १३ मधे तीन मॅच, १४ ला परत. वर्ल्ड कपच्या स्पेनमधल्या मॅच सुरू होईपर्यंत शाळेची घंटा वाजायची वेळ झालेली असणार. मी एवढं म्हणलं तर पलीकडनं अर्धा मिनिट आवाज नाही, मग म्हणला, दादा, हे आधी का नाही सांगितलं.

माझ्यासारख्या बागायतदाराला जून जुलै दोन्ही चालतात. एप्रिलची खरड छाटणी झालेली असते, काडी तयार होत असते, फवारणी असते पण गडी बघतो. कतारच्या वेळी माझे हाल झालेले, नोव्हेंबरचा शेवट म्हणजे बाग ऐन फुलोऱ्यात, ढगाळ हवा पडली की डावणीचा रोग, मी ब्राझीलच्या मॅचला बसून गावी फोनवर औषधाचं प्रमाण सांगत होतो, शेजारचा ब्राझीलवाला माझ्याकडं बघत होता की याला मॅचपेक्षा काय महत्त्वाचं आहे. द्राक्षवाल्यानं नोव्हेंबरातल्या स्पर्धेला जाऊ नये, एवढं मी लिहून देतो.

तिकिटं. दोन्हीकडं सिस्टीम साधारण तीच, ऑनलाईन नोंदणी, लॉटरी, लागलं तर पैसे कापतात, तिकीट ॲपवर येतं. कतारला बाहेरच्या माणसाला ग्रुप मॅचचं (पहिल्या फेरीतल्या मॅचचं) सगळ्यात स्वस्त ६९ डॉलर, आम्ही तीन मॅच चौघांची बारा तिकिटं, ८२८ डॉलर, तेव्हाच्या भावानं सदुसष्ट अडुसष्ट हजार. माझ्याकडं रुपे कार्ड, ते तिथं चालेना, शेवटी चुलतभावाचं कार्ड आणलं रात्री अकराला, ओटीपी त्याच्या फोनवर, तो झोपलेला. आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहे का ते आदल्या दिवशी बघा. युरो २०२४ ला जर्मनीत सगळ्यात स्वस्त ग्रुप मॅच ३० युरो होती आणि तिकिटासोबत लोकल प्रवास फुकट होता. फिफानं २०२६ ला मागणीप्रमाणं भाव बदलायचा प्रकार आणला, तोच २०३० ला राहिला तर वर्ल्ड कपला पाच जणांचं तिकीट म्हणजे एका चांगल्या दुचाकीचा खर्च धरून चला. पैशात युरो जिंकतो, यात मला शंका नाही, यूकेचा व्हिसा महाग धरूनसुद्धा.

एजंटकडनं मॅचची तिकिटं घेऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असू दे. आमच्याकडच्या एकाला एका एजंटनं पॅकेज विकलं, विमान हॉटेल बरोबर निघालं, मॅचची तिकिटं तिथं गेल्यावर देतो म्हणला, आणि तिथं गेल्यावर फोनच लागेना. पहिला दिवस फॅन झोनमधे मोठ्या पडद्यावर बघितला त्यांनी, म्हणजे जे इथं मारुती चौकात बसून झालं असतं तेच.

माझा आकडा ऐकून पण फसू नका हां. कतारला आमचं राहणं खाणं फुकट, मेव्हणा होता, मुंबई दोहा चार तास, मुंबईला जायलाच सांगलीतनं त्याच्या दुप्पट लागतात. विमान, तिकिटं, किरकोळ धरून दोन सव्वादोन लाखात चौघं जाऊन आलो. युरोला किंवा स्पेनला त्याच्या तिप्पट चौपट मनात धरा. लंडनला मुंबईहून सरळ विमान दहा तासांच्या आसपास, माद्रिदला मधे एक थांबा धरूनच हिशोब करा, आणि तो थांबा आत्तीसाठी किती तासांचा आहे ते बघून तिकीट काढा, चारपाच हजार वाचवायला रात्रभर एअरपोर्टच्या खुर्चीत बसवू नका.

आता उरला एकच मुद्दा आणि तोच खरा अवघड, पोरं. भावाचं धाकटं अर्जेंटिनाचं वेडं आहे, घरात भिंतीवर मेस्सी, दप्तरावर मेस्सी. युरोला अर्जेंटिना नाही, ब्राझील नाही, जपान नाही, मोरोक्को नाही. नुसती युरोपातली चोवीस. त्याला कार्डिफला नेऊन बसवलं आणि समोर दोन अशा टीम आल्या की ज्यांच्यातला एक खेळाडू त्याला माहीत नाही, तर तो मोबाईल मागणार. वर्ल्ड कपला अठ्ठेचाळीस टीम, आख्खं जग, गॅलरीत ढोल वाजवणारे घानावाले, स्टेडियम झाडून जाणारे जपानी, ते वातावरण युरोला कसं येईल. मी कॅमेरूनची मॅच कधी टीव्हीवर लावली नसती, आणि आज आमच्या घरात सगळ्यात जास्त गोष्ट सांगितली जाते ती त्याच मॅचची. हे युरोच्या विरोधात जातं आणि मी ते लपवणार नाही. पण २०३० ला मेस्सी त्रेचाळीसचा असेल, आणि पोरगं पण मोठं होईल, तेव्हा भिंतीवर कोण असेल कुणास ठाऊक.

मी भावाला सांगितलं ते असं. तू युरो कर. आत्तीचं वय, तुझी सुट्टी, तिथली हवा, पैसा, सगळं एका बाजूला पडतंय, आणि एका बाजूला फक्त पोराचा मेस्सी. टीमच्या मागं पळू नको, बर्मिंगहॅम धर, व्हिला पार्कच्या दोन आणि मँचेस्टर किंवा लिव्हरपूलची एक एवढ्यासाठीच नोंदणी कर, कोण खेळतंय ते ड्रॉनंतर (कुठली टीम कुठल्या गटात ते सोडतीनं ठरल्यावर) बघू. ग्लासगो डब्लिन डोक्यातनं काढ. मी मात्र २०३० ला माद्रिद धरणार, कारण २०२८ ला माझं पोरगं बारावी सीईटीच्या फेऱ्यात असणार, त्या वर्षी घरात फुटबॉलचं नाव काढलं तर बायको मलाच ग्राउंडबाहेर काढेल, आणि आमच्यात म्हातारं माणूस येणारं नाही, आई म्हणते मला विमानात बसवायचं नाव काढू नका.

पण हे सगळं नंतर, आधी आत्तीचा पासपोर्ट. तो अजून काढलेलाच नाही. आधारवर जन्मतारीख १ जून, शाळेच्या दाखल्यावर पण १ जून, कारण त्या काळात मास्तरांनी सगळ्या पोरांना १ जूनच लावलेली, निदान दोन्हीकडं एकच आहे हे नशीब. नाव मात्र एकीकडं माहेरचं आणि एकीकडं सासरचं, ते आधी सरळ करून घ्या म्हणलंय. आणि दुसरं, कंदी पेढे नेता येणार नाहीत. दुधाचे पदार्थ यूकेत बाहेरनं आणायला बंदी आहे, युरोपातल्या देशांतही तेच. कतारला आम्ही दोन किलो नेलेले, मेव्हण्याच्या आख्ख्या बिल्डिंगनं खाल्ले. भडंग चालतंय, शेंगदाण्याची चटणी चालतीय. हे भावानं आत्तीला सांगितलं तर तिनं फोन हातात घेतला आणि मलाच विचारलं, साताऱ्यातनं माणूस चाललाय आणि रिकाम्या हातानं कसा जाईल रे, त्या लोकांना विचारून तरी बघितलंस का.